दुर्बीण घेण्यापूर्वी

सातारा

चि. सई हिस,


तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या नोकरीतून साठवलेले पैसे दुर्बिणीत घालायचे तू ठरवलंस, याचा मला मनापासून आनंद झाला. तू दोन पर्याय लिहिलेस. एक १३० मिलिमीटरची, मोटरवर फिरणारी, बटण दाबलं की तारा शोधून देणारी. दुसरी ८ इंची डॉबसोनियन, थोड्याफार फरकाने तेवढ्याच पैशांत. माझं मत स्पष्ट आहे. डॉबसोनियन घे.

दुर्बिणीचं मुख्य काम प्रकाश गोळा करणं. तो गोळा होतो आरशाच्या क्षेत्रफळाने, म्हणजे व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात. ८ इंच म्हणजे २०३ मिलिमीटर, तेव्हा तो आरसा १३० मिलिमीटरच्या आरशापेक्षा जवळजवळ अडीचपट प्रकाश घेतो. हा फरक मोटरने भरून निघत नाही. पहिल्या दुर्बिणीत तुझे निम्मे पैसे गिअर, मोटर आणि तिपाईत जातात. डॉबसोनियनला तिपाईच नसते. प्लायवूडची किंवा पार्टिकल बोर्डची पेटीसारखी बैठक असते, तिच्यात नळी वर-खाली होते आणि बैठक जमिनीवर गोल फिरते. टेफ्लॉनच्या चकत्यांवर ती इतकी हलकी सरकते की एका बोटाने ढकलावी आणि सोडली तिथे राहावी. वाचलेला सगळा पैसा आरशात जातो.

ज्यांच्या नावाने ही दुर्बीण ओळखली जाते ते जॉन डॉबसन तुला ठाऊक असायला हवेत. जन्म १९१५चा, चीनमधल्या बीजिंगचा. १९४४ साली ते सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त सोसायटीत दाखल झाले आणि रामकृष्ण परंपरेतले साधक म्हणून मठात राहू लागले. पैसे बाळगायचे नाहीत हा नियम, आणि विश्व डोळ्यांनी पाहण्याची ओढ मात्र जबरदस्त. मग जहाजाच्या खिडक्यांच्या टाकाऊ जाड काचा घासून आरसे केले, पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या आणि टाकाऊ लाकडाच्या बैठका जोडल्या. या नादापायी १९६७ साली त्यांना मठ सोडावा लागला. पुढच्याच वर्षी त्यांनी काही मुलांना हाताशी धरून ‘साइडवॉक अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स’ सुरू केलं आणि फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्या-जाणाऱ्याला चंद्र, शनी दाखवू लागले. २०१४ साली गेले, तोवर हेच करत राहिले. तुझ्या दुर्बिणीच्या साधेपणामागे ही माणसाला आकाश दाखवण्याची तळमळ आहे, म्हणून तिच्याबद्दल मला ममत्व आहे.

आता ८च इंच का, १० का नको, हा तुझा खरा प्रश्न. तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस आणि गच्ची सातव्या मजल्यावर. लिफ्ट सहाव्यापर्यंत, पुढे जिना. ८ इंचीची नळी १० किलोच्या आसपास, लांबी सुमारे १२० सेंटिमीटर, आणि बैठकही जवळपास तेवढ्याच वजनाची. दोन खेपांत तू एकटी नेशील. १० इंची दोन्ही मिळून ३० किलोच्या घरात जाते. कामावरून दमून आलेल्या माणसाला ते तीस किलो रात्री साडेनऊला फार जड वाटतात आणि दुर्बीण कपाटाशेजारी उभी राहते. शिवाय १० इंचीचं फोकल गुणोत्तर, म्हणजे फोकल लेंग्थ भागिले आरशाचा व्यास, ५च्या आसपास असतं, ८ इंचीचं ६. गुणोत्तर जितकं लहान तितके आरसे काटेकोर जुळवावे लागतात आणि स्वस्त आयपीसमध्ये, म्हणजे डोळ्यापाशी लावायच्या भिंगात, कडेचे तारे पसरलेले दिसतात. शिकणाऱ्याला ६ सोसतं.

डब्यावर पाचशे-सहाशे पट मोठं दिसेल असं छापलेलं असेल, तर ते दुकान सोड. ८ इंचीच्या १२०० मिमी फोकल लेंग्थला २५ मिमीचं आयपीस ४८ पट देतं, १० मिमीचं १२० पट. आपल्याकडच्या हवेत बहुतेक रात्री दोनशेच्या पुढे चित्र उकळल्यासारखं हलतं. या दोन आयपीसवर वर्षभर काढ. तिसरं कोणतं हवं ते तुझं तुलाच कळेल. आणखी एक सापळा सांगते. स्वस्त दुर्बिणीची नळी अर्धा मीटर लांब आणि कागदावर फोकल लेंग्थ १००० मिमी, असं दिसलं तर आत स्वस्त भिंग बसवून ती वाढवलेली असते. चित्र कधीच नीट येत नाही.

डॉबसोनियन आपोआप तारा धरून ठेवत नाही. १२० पटीला खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दीड-पावणेदोन मिनिटांत दृश्यातून निघून जातो आणि तू हाताने ढकलत राहायचं. तेजोमेघांचे दीर्घ एक्स्पोजरचे फोटो हिच्यावर निघत नाहीत; चंद्राचे मोबाइलवर छान निघतात. अगदी डोक्यावरचं पाहताना नळी वळवायला अडचण होते, आणि आपल्या अक्षांशावर कृत्तिका नेमक्या तिथूनच जातात. त्या तासभर आधी किंवा नंतर पाहा. तारा स्वतः शोधण्यात सुरुवातीचे महिने जातील. ते जाऊ देत. नकाशा हातात घेऊन मृगापासून देवयानीपर्यंत वाट काढलेली आयुष्यभर राहते, बटणाने सापडलेली राहत नाही.

शहरातून काय दिसेल ते आधीच माहीत असू दे. चंद्र, गुरूचे पट्टे आणि चार चंद्र, मृगातला तेजोमेघ, जोडतारे. शनीची कडी मार्च २०२५मध्ये आपल्याकडे कड करून रेघेसारखी झाली होती; ती आता वर्षागणिक उघडत २०३२च्या सुमारास सर्वांत रुंद दिसतील. दीर्घिका मात्र शहरातून जवळजवळ नाहीतच. त्यांच्यासाठी एप्रिल-मेमध्ये काळोख्या माळावर जा आणि तिथूनच दक्षिणेकडे नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छही शोध. लंडनच्या माणसाला तो क्षितिजावर येतच नाही. आपल्याला चांगला चोवीस अंश वर मिळतो.

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, त्याची धग रात्री उशिरापर्यंत निघते. ग्रह पाहायचे तर अकरानंतर चढ. दुर्बीण अर्धा-पाऊण तास आधी बाहेर ठेव म्हणजे आरसा हवेच्या तापमानाला येतो. आरशावर धूळ बसली तर बसू दे, पुसू नकोस, चरे पडतात. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पिशव्या नळीत टाकून दोन्ही तोंडं बंद कर. आणि सूर्याकडे, तोंडावर खात्रीचा सौर फिल्टर लावल्याशिवाय, क्षणभरही नळी वळवायची नाही. शेजारची लहान मुलं बघायला येतील तेव्हा हे आधी बघ.

पैसे देण्यापूर्वी एकदा पुण्यातल्या टिळक स्मारकात ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जा. १९४४पासून ही मंडळी लोकांना आकाश दाखवत आली आहेत. त्यांच्या आकाशदर्शनाच्या कार्यक्रमाला जाऊन ८ इंचीतून शनी पाहा, आणि नळी उचलून बघायला मागून घे. मग जिन्याच्या वळणाचं माप घे, सोसायटीच्या सेक्रेटरींशी गच्चीच्या किल्लीचं बोल आणि मला कळव. कॉलिमेशन, म्हणजे आरसे जुळवणं, शिकवायला मी एका रविवारी येईन. पहिल्यांदा कोणीतरी शेजारी असलेलं बरं.

तुझी,
आत्या