भाषांतरित चित्रकथा : ‘वेताळ’ या नावाचा विचार

ली फॉक यांचा ‘फँटम’ 1936 साली अमेरिकी वृत्तपत्रांत अवतरला. 1964 मध्ये मुंबईहून सुरू झालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधून तो मराठीत आला, तो ‘वेताळ’ होऊन. हे केवळ शब्दांतर नव्हे. कोकणात वेताळ हा भुतांचा अधिपती, तसाच गावाचा राखणदारही. आरवलीचा वेतोबा आठवा. परक्या मुखवटाधारी नायकाला हे राखणदारपण मराठी नावामुळे आयतेच लाभले.

बालपणी त्या अंकांची पारायणे केलेल्यांनी ते आज पुन्हा वाचावेत. नाव अजूनही अस्सल वाटते. कथा मात्र खटकते : गोऱ्या पुरुषाच्या धाकावाचून जंगलातील माणसांचे निभणार नाही, हे तिचे गृहीत. देशाचे नाव ‘डेंकाली’ केल्याने ते झाकले जात नाही.

स्वाध्याय : ‘वेताळ’ऐवजी ‘भूत’ हा प्रतिशब्द योजला असता, तर नायकाच्या प्रतिमेत कोणता फरक पडला असता?