प्रश्नोत्तराच्या तासातील मराठी

महाराष्ट्र विधानसभेच्या तारांकित प्रश्नोत्तरांची छापील यादी मी एम.ए.च्या वर्गात भाषेचा पाठ म्हणून वाचायला देतो. साचा ठरलेला असतो: ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास’, आणि शेवटी ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’.

उत्तरे वाचताना मुले अडखळतात ती ‘हे अंशतः खरे आहे’पाशी. यातला कोणता अंश खरा? आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही, औषधे नाहीत, रुग्णांचे हाल होतात, हे तिन्ही सदस्याने एकाच वाक्यात कोंबले, तर मंत्र्यांना एक नाकारून बाकीचे धूसर ठेवता येते. (दोष उत्तराचा आहेच, पण वाक्यरचनेचाही आहे.) आणि पहिल्या भागाला ‘नाही’ आले, की पुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’. व्याकरण निर्दोष, रुग्ण मात्र ओसरीवरच.

तारांकित प्रश्न सभागृहात पुकारला गेला, तर उपप्रश्न विचारून तो अंश उलगडून घेता येतो. अतारांकिताला फक्त लेखी उत्तर; तिथे सगळी भिस्त मूळ वाक्यावर. म्हणून तोच प्रश्न मी मुलांना तोडून लिहायला लावतो. एका विद्यार्थिनीने आपल्या गावच्या केंद्राविषयी सातच शब्द लिहिले: ‘केंद्रातील डॉक्टरांचे पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे?’ याला ‘अंशतः’ म्हणता येत नाही.