आठवीनंतरची वाट

आसगाव हे भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्याचे गाव. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा सारा मुलूख धानाचा. जूनच्या अखेरीस येथे शाळा उघडतात आणि पाठोपाठ रोवणीचे दिवस येतात. पऱ्हे उपटणे, जुड्या बांधणे, बांधीतील चिखलात वाकून रोपे लावणे, या कामांना घरातील प्रत्येक हात हवा असतो. आठवी उत्तीर्ण झालेल्या मुलीचे पुढील शिक्षण नेमके याच दिवसांत अडते.

चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण मिळावे, अशी अपेक्षा १९५० साली अमलात आलेल्या संविधानाने व्यक्त केली होती व तिच्यासाठी दहा वर्षांची मुदतही घातली होती. त्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा मात्र १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला. सहा वर्षांच्या बालकाचे बोट धरणारा हा कायदा आठवीनंतर ते सोडून देतो.

"लिहायवाचायला आले, आता पुरे," असे आजी म्हणते. नातीला चटकन उत्तर सुचत नाही. वास्तविक ते उत्तर त्यांच्याच शेतात आहे. ऐन हंगामात पंपाची मोटार जळते, तेव्हा ती दुरुस्त करणाऱ्याची केवढी वाट पाहावी लागते! हे काम शिकवणारा वीजतंत्रीचा अभ्यासक्रम औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आय. टी. आय.मध्ये, दोन वर्षांचा असतो. पण त्याला दहावी उत्तीर्ण असावे लागते. लोखंड जोडणाऱ्या संधात्याचा, म्हणजे वेल्डरचा, अभ्यासक्रम एका वर्षाचा असून त्याला आठवी पुरते. असे आठवीवर मिळणारे व्यवसाय थोडे. जोडाऱ्याचेच पाहा. कानस घेऊन लोखंडाचा तुकडा घासावयाचा, गुण्या लावून काटकोन तपासावयाचा, पुन्हा घासावयाचा. हात दुखू लागले तरी आराखड्यातील माप चुकता कामा नये. ते माप वाचावयास नववी-दहावीचे गणितच उपयोगी पडते.

दहावीनंतर तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविकाही घेता येते. दोन वर्षांचा आय. टी. आय. अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यास तिच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे हातात कानस धरली म्हणून पुस्तक सुटत नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार तर कारखान्यात काम शिकताना विद्यावेतनही मिळते. ज्याची शाळा सुटलीच, त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत घरी अभ्यास करून दहावीची परीक्षा देता येते. मात्र वर्गाबाहेर अभ्यासाला नियमितपणे बसणे सोपे नव्हे.

नातीने हे सारे आजीला सांगितले. आजी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "मोटार दुरुस्त करणारी मुलगी कोणी पाहिली आहे का?"

"नसेल पाहिली," वडील म्हणाले, "पण नववीचा वर्ग गावात आहे. रोवणीला रविवारी येईल ती."