काट्यावर न चढणारं मोल
जगातल्या चार जनावरांची ओळख



आजच्या पाठाची सुरुवात एका प्रश्नाने करू. दारात शेळीचा व्यापारी येतो, तेव्हा तो आधी काय करतो? पाठीवरून हात फिरवतो, कमरेवर दाबून बघतो, जरा उचलून अंदाज घेतो आणि म्हणतो, "ताई, एवढे किलो भरेल." त्याच्या लेखी शेळीचं मोल तिच्या वजनात. तिने आजवर किती करडं दिली, घरातल्या लेकराला किती दूध पाजलं, परसातल्या वांग्यांना किती लेंडीखत दिलं, हे त्याच्या काट्यावर चढत नाही. त्याचा तो धंदाच आहे, त्याला दोष नको. पण आपण तरी हे मोजतो का?

जगात काही जनावरं अशी आहेत, की लोकांनी त्यांना आधी मांस म्हणून, चोर म्हणून किंवा घाण म्हणून पाहिलं. पुढे त्यांचं खरं मोल कळलं आणि जनावरही वाचलं, माणसांचंही भलं झालं. कुठे अजून अर्धंच काम झालंय. अशा चौघांची आज ओळख करून घेऊ.

१. विकुन्या : पेरूच्या डोंगरातली सोन्याची लोकर

दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाची डोंगररांग आहे. आपलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर उंच. त्याच्या दुपटीहून जास्त उंचीवर, थंडगार माळावर विकुन्या राहतो. उंटाच्या नात्यातला, पण मदारी नाही. अंग मोठ्या शेळीएवढं, मान लांब, रंग दालचिनीसारखा. हा पाळीव नाही, जंगली आहे.

त्याची लोकर जगातल्या सर्वांत मऊ लोकरींपैकी एक. पण एका जनावरापासून एका कातरणीत मिळते साधारण २०० ते २५० ग्रॅम, आणि दोन कातरणींत निदान दोन वर्षांचं अंतर ठेवावं लागतं. म्हणजे किलोभर लोकरीला चार-पाच जनावरं लागतात. म्हणूनच ती एवढी महाग.

जुन्या काळी तिथे इंका राजांचं राज्य होतं. हे कापड फक्त राजघराण्याने वापरायचं, शिकार करायची नाही, असा नियम होता. काही वर्षांच्या अंतराने हजारो माणसं एकत्र येऊन कळप घेरायची, लोकर कातरायची आणि जनावरं सोडून द्यायची. पुढे स्पॅनिश लोक बंदुका घेऊन आले. कातरण्यापेक्षा मारून कातडं काढणं सोपं पडू लागलं. असं करत करत १९६० च्या दशकात सगळ्या डोंगरात मिळून दहा हजारसुद्धा विकुन्या उरले नव्हते.

मग १९६७ साली पेरू सरकारने पाम्पा गालेरास इथे राखीव क्षेत्र केलं. शेजारच्या देशांशी करार झाले, व्यापार बंद झाला. पण नुसता पहारा ठेवून भागेना. रात्री-बेरात्री शिकारी येणार, आणि गावकऱ्याला विकुन्याचा काही उपयोग नसेल तर तो जीव धोक्यात घालून कशाला राखण करील? म्हणून १९९० च्या दशकात नियम बदलला. ज्या गावाच्या माळावर विकुन्या चरतो, त्या गावाला त्याची लोकर कातरून विकायचा हक्क मिळाला. अट एकच : जनावर जिवंत सुटलं पाहिजे.

आता वर्षातून एकदा गाव जमतं. बाया, पोरं, म्हातारी सगळी. रंगीत चिंध्या बांधलेली लांबच लांब दोरी धरून शेकडो माणसं साखळी करतात आणि कळपाला हळूहळू कुंपणात आणतात. या कामाला तिथल्या भाषेत 'चाकू' म्हणतात. आपल्या सुरीशी त्याचा काही संबंध नाही बरं का! कुंपणात जनावर तपासतात, लोकर पुरेशी वाढली असेल तरच कातरतात आणि मोकळं सोडतात. आज एकट्या पेरूत दोन लाखांहून जास्त विकुन्या आहेत.

गोष्ट इथे गोड होऊन संपली असती. पण एक दुखणं राहिलंय. गाव विकतं ती कच्ची लोकर. सूत, कापड, शिलाई हे सगळं दूर परदेशात होतं आणि तिथे विकुन्याचा एक कोट कित्येक लाख रुपयांना जातो. त्यातला गावाच्या वाट्याला येतो तो लहानसा तुकडा. थंडीत उभं राहून दोरी धरणारी बाई तो कोट कधी अंगावर घालत नाही. आपण कच्ची हळद, कच्ची चिंच, न फोडलेले काजू विकतो तेव्हा काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

२. सुरुंग शोधणारा उंदीर : टांझानिया ते कंबोडिया

उंदीर म्हटलं की आपल्याला आठवतं कणगीचं भोक. पण आफ्रिकेतला एक उंदीर ऐका. आपल्या घुशीहूनही मोठा, शेपटीसकट हातभर लांब, वजन किलो-सव्वा किलो. गालात पिशव्या असतात, त्यात दाणे भरून नेतो. डोळ्याने अधू, पण नाक असं की विचारू नका.

युद्धात जमिनीत पुरलेले सुरुंग युद्ध संपल्यावरही तसेच राहतात. मग शेतात नांगर घालणारा किंवा सरपण आणायला गेलेली बाई त्यावर पाय देते. ज्या जमिनीत सुरुंग आहे अशी शंका असते, ती जमीन वर्षानुवर्षं पडीक राहते. टांझानिया देशातल्या मोरोगोरो इथे 'अपोपो' नावाची संस्था या उंदरांना सुरुंगातल्या दारूगोळ्याचा वास ओळखायला शिकवते. शिकवायची पद्धत सोपी : बरोबर ओळखलं की 'टिक्' असा आवाज करायचा आणि लगेच केळ्याचा तुकडा द्यायचा. मारणं नाही. पण शिकायला वर्षभराच्या आसपास वेळ जातो.

उंदीर हलका, म्हणून त्याच्या वजनाने सुरुंग फुटत नाही. वास आला की तो तिथली माती खरवडतो. मग माणसं जपून सुरुंग काढतात. माणसाला यंत्र घेऊन ज्या जागेला चार दिवस लागू शकतात, ती तो अर्ध्या तासात तपासतो, कारण गंजलेले खिळे नि पत्र्याचे तुकडे त्याला थांबवत नाहीत. मगावा नावाच्या उंदराने कंबोडियात शंभराहून जास्त सुरुंग आणि न फुटलेले बॉम्ब शोधले. २०२० मध्ये त्याला शौर्याचं सुवर्णपदक मिळालं. २०२१ मध्ये तो निवृत्त झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये म्हातारपणाने गेला.

याच उंदरांना टीबीच्या रुग्णांच्या थुंकीचा वासही ओळखायला शिकवलंय. दवाखान्यात तपासून झालेले नमुने ते पुन्हा हुंगतात आणि तपासणीतून सुटलेले रुग्ण सापडतात.

३. पोहणारा उंट : आपल्या शेजारचं कच्छ

उंट वाळवंटातला, हे शाळेत शिकलो. पण गुजरातच्या कच्छमध्ये 'खाराई' नावाचा उंट समुद्राच्या खाडीत पोहतो! खाराई म्हणजे खाऱ्याशी नातं असलेला. भरतीच्या पाण्यातून मान वर काढून कळप पोहत बेटांवर जातो आणि तिथली खारफुटी खातो. कोकणातल्या मैत्रिणींना खारफुटी माहीत आहे. कच्छमध्ये तिला 'चेर' म्हणतात. फकिराणी जत आणि रबारी समाजाचे लोक हे उंट पिढ्यानपिढ्या सांभाळतात. २०१५ मध्ये सरकारने खाराईला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

पण कागदावरच्या मान्यतेने उंटाचं पोट भरत नाही. मिठागरांसाठी बांध घातले की खाडीचं पाणी अडतं, पाणी अडलं की चेर वाळतो, आणि चेर गेला की उंट कुठे जाणार? उंटपाळ एकटे-एकटे ओरडले असते तर कुणी ऐकलं नसतं. त्यांच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली आणि २०१९ मध्ये लवादाने पाण्याच्या वाटेतले अडथळे काढायचा आदेश दिला. खारफुटीचा धोका मात्र संपलेला नाही. जनावर वाचवायचं तर आधी त्याचा चारा वाचवावा लागतो. आपल्या गायरानाचंही हेच नाही का?

४. हरगिला : आसामच्या बायकांचं पाखरू

आता सर्वांत जवळची गोष्ट. आसाममध्ये पाच फूट उंच करकोचा आहे. नाव हरगिला, म्हणजे हाडं गिळणारा. डोक्यावर विरळ केस, गळ्याखाली लोंबती पिशवी, दिसायला अजिबात देखणा नाही. मेलेली जनावरं आणि कचऱ्यातली घाण खातो, म्हणजे गावाची सफाईच करतो. पण घरटं बांधतो लोकांच्या परसातल्या उंच झाडांवर. खाली विष्ठा पडते, कुजक्या मांसाचा वास येतो. लोक अशुभ मानायचे आणि झाडच तोडून टाकायचे.

डॉ. पूर्णिमादेवी बर्मन तेव्हा या पक्ष्याचा अभ्यास करत होत्या. दादरा गावात एकाने झाड तोडलं आणि घरट्यातली पिल्लं खाली पडली. त्यांनी जाब विचारला, तर लोक त्यांनाच हसले. "एवढी माया आहे तर रोज येऊन घाण साफ करा," असं ऐकवलं. त्यांच्या लक्षात आलं, की नुसता पक्ष्याचा अभ्यास करून पक्षी वाचणार नाही. त्या बायकांकडे गेल्या. पण पहिल्या दिवशी भाषण दिलं नाही. आधी पदार्थांच्या स्पर्धा घेतल्या, ओळखी केल्या, मग हरगिलाचा विषय काढला.

बायकांना एक गोष्ट लगेच पटली : पिल्लं वाढवणाऱ्या आईचं घर असं मोडायचं नसतं. त्या हरगिलाचं डोहाळजेवण करू लागल्या. घरट्याखाली जाळ्या बांधल्या, की पिल्लू पडलं तरी वाचावं. पुढे हातमाग आणि सूत मिळालं. गामोसा आणि मेखेला-चादरीवर हरगिलाची नक्षी विणून बायका विकू लागल्या. ज्या पक्ष्याची किळस यायची, तोच आता घरात पैसा आणू लागला. आज या 'हरगिला सेने'त दहा हजारांहून जास्त बाया आहेत. दादरा, पचारिया आणि सिंगिमारी या गावांत पूर्वी जेमतेम २८ घरटी होती, ती अडीचशेच्या वर गेली. २०२२ मध्ये बर्मन यांना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला.

पेरूत कच्ची लोकर बाहेर गेली, आसामात विणकाम गावात राहिलं. हा फरक लक्षात ठेवा.

आपल्या गावचं काय?

आपल्याकडेही असाच एक सफाई करणारा होता. गिधाड. तुमच्या सासूबाईंना विचारा, मेलेलं गुरं गावाबाहेर टाकलं की आभाळात किती गिधाडं घिरट्या घालायची. १९९० नंतर ती बघता बघता दिसेनाशी झाली. कारण होतं डायक्लोफिनॅक नावाचं दुखण्या-सुजेवरचं औषध. ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने खाल्लं, की त्याचे मूत्रपिंड निकामी व्हायचे. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. २०२३ मध्ये अॅसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन या औषधांवरही बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित आहे.

इथे आपल्या हातात काहीतरी आहे. गाईला सूज आली, ताप आला, तर कुणी इंजेक्शन काढलं की विचारायचं, "दादा, हे कुठलं औषध?" बाटली हातात घेऊन नाव वाचायचं. वाचता येत नसेल तर पशुसखीला बोलवायचं. विचारायला पैसे लागत नाहीत.

लक्षात ठेवू

• जनावराचं मोल वजनापलीकडचं असतं, पण ते मोजलं नाही तर दिसत नाही.
• राखण करणाऱ्याला वाटा मिळाला, तरच राखण टिकते.
• कच्चा माल विकला की मोठा वाटा बाहेर जातो.
• चारा, झाड, पाणी गेलं की जनावर आपोआप जातं.

पुढच्या बैठकीसाठी घरचा अभ्यास

१. आपल्या एका शेळीची किंवा गाईची एक वही करा. विकत घेतली कितीला, वेत किती, करडं किती जगली, दूध किती, लेंडीखत किती पाट्या, लस आणि जंताचं औषध कधी दिलं. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला सांगा.

२. अडचणीत शेळी विकायची वेळ आली, तर आधी गटाचं अंतर्गत कर्ज मिळतं का ते विचारा. वही जवळ असेल, तर ती शेळी ठेवणं परवडेल की विकणं, हे सगळ्याजणी मिळून ठरवू शकाल.

३. गटात चर्चा करा : आपल्या गावातून कुठला माल कच्चाच बाहेर जातो? त्यातलं एखादं काम ग्रामसंघात करता येईल का?

४. गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा : तुमच्या लहानपणी असलेलं कुठलं जनावर, कुठलं पाखरू आता दिसत नाही? ते कशाने गेलं? नावं लिहून आणा. पुढच्या अंकात आपण ती यादी छापू.