टाकीतली हुमणी

बाळ, माशावर साखरेच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके दिसले म्हणून परवा रात्री तू घाबरून फोन केलास. काल ठिपके गेले म्हणून खुशीत पुन्हा केलास. मला काळजी या दुसऱ्या फोनची वाटते. ठिपके गेले, रोग टाकीतच आहे.

आपल्या गडमुडशिंगीत उसाची हुमणी कुणाला सांगायला नको. वळीव पडला की संध्याकाळी कडुलिंबावर, बाभळीवर भुंगेरे जमतात, ते सगळ्यांना दिसतात. मुळं कुरतडणारी अळी मातीत असते. खाऱ्या पाण्यातल्या इकचं, म्हणजे या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचं, तसंच. क्रिप्टोकॅरियॉन नावाचा हा जीव माशाच्या कातडीत तीन ते सात दिवस पोसतो, मग गळून पडतो, वाळूला-दगडाला चिकटतो आणि भोवती कवच करतो. आत एकाची दोनशेपर्यंत पिलं होतात. ती कधी आठवड्यानं, कधी महिन्यानं फुटतात आणि एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. कातडीत शिरलेल्याला आणि कवचातल्याला औषध लागू पडत नाही. मारता येतो तो एवढाच, पाण्यात पोहणारा.

म्हणून सगळे मासे बाहेर काढ, एकही मागं ठेवू नको. मोठी टाकी माशांविना 76 दिवस चालू ठेव. कोळंबी, प्रवाळ तिथंच राहू देत, त्यांना हा रोग होत नाही. मासे दुसऱ्या उघड्याबोडक्या टाकीत ठेव: वाळू नाही, दगड नाही, फक्त स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे.

त्या टाकीत तांब्याचं औषध. तांबं म्हणजे आपला मोरचूदच, पण फवारणीचा डबा उघडून चिमूट टाकशील तर मासे मारशील. लिटरला तांबं लागतं 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम. 100 लिटरला मोरचूद जेमतेम 60 ते 80 मिलिग्रॅम होतो, चिमटीत येणार नाही इतका. त्यापेक्षा मत्स्यालयाचं तयार औषध आण. काहींचं प्रमाण वेगळं असतं, बाटलीवरचंच धर. सोबत तांबं मोजायचं किट घे, मात्रा दोन-तीन दिवसांत हळूहळू चढव आणि रोज मोजून तीस दिवस राख. मी एकदा घाईनं मोठ्या टाकीतच औषध ओतलं. सकाळी तिन्ही कोळंब्या वाळूवर आडव्या होत्या, दगडांनी बरंचसं तांबं शोषून घेतलं होतं आणि आठवड्याभरात पिवळी टँग मासोळीही गेली.

तांबं नको असेल तर पाण्याचा खारेपणा दोन दिवसांत 1.009 (विशिष्ट गुरुत्व) वर आणून चार आठवडे ठेवतात. पण रेफ्रॅक्टोमीटर हवाच, 1.012 वर गेलं की किड्याला फावतं. काही वाण तर 1.009 लाही दाद देत नाहीत. गोड्या पाण्यातल्या इकवर पाणी तापवून मीठ घालतात, ते इथं करू नको. तो जीवच वेगळा. आणि ठिपक्यांऐवजी पिठासारखी बारीक भुकटी दिसली, मासा धापा टाकू लागला, तर तो व्हेल्व्हेट नावाचा दुसरा रोग. त्यात एक दिवसही थांबायचं नाही.

आता पुढचं. मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पिशवीत आलेला मासा पहाटे तावडे हॉटेलच्या थांब्यावर उतरतो तेव्हा अर्धमेला असतो. अशा माशावर किडा सहज चढतो, आणि दुकानात तो कुणासोबत होता तेही आपल्याला ठाऊक नसतं. अंगावर एक ठिपका नसला तरी त्याला तीस दिवस वेगळं ठेव. त्याची जाळी वेगळी, बादली वेगळी. त्या टाकीतला ओला हात या टाकीत घालू नको. थेंबातूनही कवच येतं. दुकानदार मासा निरोगी आहे म्हणाला तरी तिसातला एक दिवस कमी करू नको.

तुझ्याकडं दुसरी टाकी नाही, मला माहीत आहे. माझी 60 लिटरची रिकामीच पडली आहे. रविवारची वाट बघू नको, आजच येऊन घेऊन जा.