गेलेल्या माणसाची चाहूल

प्रश्न : यजमानांना जाऊन आठ महिने झाले. संध्याकाळी फाटकाची कडी वाजते, पाठोपाठ त्यांच्या चपलांचा आवाज येतो. बघावं तर कोणी नसतं. मुलाला सांगितलं तर तो काळजीत पडेल. जाऊबाई देवऋषी शोधतील. सांगू तरी कोणाला?

उत्तर : तुम्हाला वेड लागलेलं नाही, हे आधी सांगतो. वेल्समधले डॉक्टर डेवी रीस २९३ विधवा-विधुरांशी बोलले आणि १९७१ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. जवळजवळ निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व या ना त्या रूपात जाणवलं होतं. काहींना तो दिसला, काहींना त्याचा आवाज आला. बहुतेकांनी मात्र हे कोणालाच सांगितलं नव्हतं. हे एकटं सोसणंच मला जास्त टोचतं.

वर्षानुवर्षं ठरलेल्या वेळी ऐकलेल्या आवाजाची मन वाट पाहतच राहतं. वाऱ्यानं कडी हलली तरी चपला ऐकू येऊ शकतात. पण ते खरंच आले असं तुम्हाला वाटत असेल, तर मी वाद घालणार नाही.

मुलालाच सांगा. दोघं निवांत असताना, “मला उपाय नको, नुसतं ऐकून घे,” अशी सुरुवात करा. काय ऐकलं तेवढंच सांगा, अर्थ लावू नका. त्याचेही वडील गेलेत. कदाचित तोही काही मनात दाबून असेल. देवऋषी नकोच, तिथे भीती वाढते.

मात्र आवाज हुकूम देऊ लागले, झोप-जेवण सुटलं किंवा ‘आपणही जावं’ असं वाटलं, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही फोन करता येतो.