शरीराचे कौशल्य आणि मनाची उभारी

शाळेच्या मैदानावर व्यायामाचा तास सुरू झाला की दोन-चार मुले हळूच कडेला जाऊन झाडाखाली बसतात. कोणाला धावताना दम लागतो, कोणाच्या उडीला सोबती हसलेले असतात, तर कोणी पूर्वी एकदा पडलेला असतो. 'हे आपल्याला जमणार नाही' अशी या मुलांनी मनाशी गाठ बांधलेली असते. शिक्षकांचे लक्ष साहजिकच चपळ मुलांकडे जाते, त्यांतूनच संघ निवडला जातो आणि झाडाखालची मुले तेथेच राहतात. वस्तुतः व्यायामाची अधिक गरज असते ती याच मुलांना.

हा प्रश्न दोन-चार मुलांपुरता मर्यादित नाही. ५ ते १७ या वयात दररोज सरासरी ६० मिनिटे तरी मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल व्हावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. प्रत्यक्षात २०१६ सालच्या माहितीनुसार जगातील ११ ते १७ वयोगटातील १०० पैकी ८१ मुलामुलींची हालचाल अपुरी होती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५, तर मुलांमध्ये ७८ होते. लहानपणी मैदान सोडलेले मूल मोठेपणी आपण होऊन मैदानाकडे वळेल, अशी आशा धरणे कठीणच.

दोन अपुऱ्या वाटा

या मुलांबाबत सामान्यतः दोन मार्ग अवलंबिले जातात. पहिला मार्ग केवळ कसरतीचा. शिक्षकाने कृती करून दाखवावी, मुलांनी ती करावी आणि ज्यांना जमेल त्यांनी पुढे जावे. दुसरा मार्ग केवळ उपदेशाचा. 'जिद्द धरा, प्रयत्न सोडू नका' असे प्रार्थनेच्या वेळी सांगितले जाते. परंतु जिद्द धरून नेमके काय करावयाचे, हे मुलाला उमगत नाही. पहिल्या मार्गात मन दुर्लक्षित राहते, दुसऱ्यात शरीर. उत्तम प्रशिक्षक हे दोन पाठ वेगवेगळे न देता एकाच कृतीतून देतो.

मल्लखांबाचा पाठ

महाराष्ट्राच्या मातीतील मल्लखांबाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी या विद्येला नवे जीवन दिले, अशी परंपरा आहे. पुरलेल्या मल्लखांबावरील आरंभीच्या उड्यांपैकी एक म्हणजे साधी अढी. हातांनी खांब धरून पाय वर न्यावयाचे आणि पायांची पकड घालून उलटे स्थिर व्हावयाचे, ही कृती नवख्या मुलाला अशक्यच भासते. येथे जाणता प्रशिक्षक धीराचे व्याख्यान देत नाही. तो कृतीचे तुकडे पाडतो. प्रथम खांबाला हातांची योग्य पकड, मग कंबरेला आधार देऊन पाय वर नेणे, मग पायांची पकड, आणि शेवटी आधार काढून घेणे. खाली गादी असते व प्रशिक्षक हाताच्या अंतरावर उभा असतो. प्रत्येक टप्पा मुलाच्या आवाक्यातला असल्यामुळे, काल न जमलेली गोष्ट आज जमली हे मूल स्वतःच्या डोळ्यांनी पाहते. आत्मविश्वासाचा याहून भक्कम पाया दुसरा नाही.

पकड सुटली तर 'घाबरट आहेस' असे न म्हणता 'कोठे सुटले?' असे विचारले जाते. 'मांडी सैल पडली' असे उत्तर मुलाने दिले की अपयशाची भीती उरत नाही. उरतो तो दुरुस्त करावयाचा एक तपशील. कौशल्य आणि मनोवृत्ती यांची सांगड पडते ती येथे.

खाशाबांचा आदर्श

कराडजवळील गोळेश्वरचे सुपुत्र खाशाबा जाधव यांची कारकीर्दही हेच सांगते. मातीतील कुस्तीत वाढलेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर उतरले. मॅट व आंतरराष्ट्रीय नियम त्यांना अपरिचित होते. तेथे त्यांना सहावा क्रमांक मिळाला. हा पराभव त्यांनी दैवाचा कौल मानला नाही. उणीव कोठे आहे ते ओळखून पुढील चार वर्षे कसून तयारी केली. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

शास्त्र काय सांगते?

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरोल ड्वेक व त्यांच्या सहकारी क्लॉडिया म्यूलर यांनी १९९८ साली शालेय मुलांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. कोडी सोडविल्यावर काही मुलांच्या बुद्धीची, तर काहींच्या मेहनतीची प्रशंसा करण्यात आली. पुढे अवघड कोड्यांत अपयश आल्यावर बुद्धीची प्रशंसा झालेली मुले लवकर खचली, तर मेहनतीची प्रशंसा झालेली मुले टिकून राहिली. मात्र अमेरिकेतील नववीच्या विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, मनोवृत्तीच्या केवळ छोट्या पाठाने होणारा सुधार अल्पच आढळला. सोबत्यांचे वातावरण अनुकूल असेल तेथे तो अधिक होता. हे प्रयोग मैदानावरचे नव्हेत. तरीही शब्दांना कृतीची व वातावरणाची जोड हवी, हा त्यांतील बोध शिक्षकांनी घेण्याजोगा आहे.

शिक्षकांनी काय करावे?

'तू जात्याच चपळ आहेस' यापेक्षा 'आज पाय वेळेवर उचललास, म्हणून उडी साधली' ही शाबासकी अधिक उपयुक्त ठरते. 'जमत नाही' म्हणणाऱ्या मुलाला 'अजून जमलेले नाही' असे म्हणावयास शिकवावे आणि लगेच पुढचा लहान टप्पा द्यावा. प्रत्येक मुलाची नोंद वहीत ठेवावी व तिची तुलना त्याच्याच मागील नोंदीशी करावी, शेजारच्या मुलाशी नव्हे.

काही पथ्येही पाळली पाहिजेत. वेदना, धाप किंवा अशक्तपणा यांना मनाचा दुबळेपणा समजू नये. अशा वेळी व्यायाम थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. तसेच उठाबशा व मैदानाच्या फेऱ्या शिक्षा म्हणून देऊ नयेत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली आहेच. शिवाय जी गोष्ट शिक्षा म्हणून भोगली, तिची गोडी लागणे कठीण.

गावाची जबाबदारी

याच कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान व खेळाचे साहित्य असावे, तसेच सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असल्यास आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. पंचायत सदस्यांनी मैदान अतिक्रमणमुक्त व दगडविरहित राहील, हे पाहावे. मुलींसाठी निर्धास्तपणे खेळता येईल अशी वेळ व जागा राखून ठेवावी. अधिकाऱ्यांनी शाळा-तपासणीच्या वेळी जिंकलेल्या ढालींबरोबरच, खेळणाऱ्या मुलांची संख्या किती वाढली, याचीही विचारणा करावी.

ढाली मोजक्याच शाळांच्या वाट्याला येतात. परंतु झाडाखाली बसलेले मूल उठून मैदानात येणे, हे यश प्रत्येक शाळेच्या आवाक्यातले आहे.